इनबॉक्समधली पुणेरी पाटी

ऑफिसात मी एका क्लिकसरशी लाखो लोकांना मेल पाठवते. पण मावशीच्या फराळाच्या २१२ गिऱ्हाइकांना एकच मेल पाठवायची वेळ आली, तेव्हा माझी पहिल्याच चेंडूवर विकेट पडली!

दसरा होऊन दोनच दिवस झाले होते. साल २०२४. हिंजवडीहून घरी येताना वाकडच्या पुलाजवळ नेहमीसारखी अडकले होते आणि मावशीचा फोन आला.

‘‘अगं, दुकान बंद पडलं माझं.’’

‘‘म्हणजे? महापालिकेचे लोक आले होते का?’’

‘‘नाही गं. फोनमधलं दुकान!’’

मावशीचा कोथरूडला फराळाचा व्यवसाय आहे. व्यवसाय म्हणजे काय, तर सोसायटीच्या तळमजल्यावरचा एक गाळा, तीन मोठ्या शेगड्या, चार बायका आणि मावशी. वर्षभर लाडू, चिवडा, मेतकूट, भाजणी असं चालू असतं. दिवाळीच्या आधीचा महिना मात्र युद्धपातळीवर. वर्षाच्या कमाईतला निम्मा हिस्सा त्या एका महिन्यात येतो आणि त्या चौघींचा बोनसही त्यातूनच निघतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तिने फोनवरच्या एका मेसेजिंग ॲपवर ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळं दुकान तिथेच थाटलं. कोणाला चकली कमी तिखट हवी, कोणाचे पैसे यायचेत, कोणाच्या घरी वॉचमनकडे ठेवायचं... सगळं त्या चॅट्समध्ये. त्या दिवशी सकाळी तिने रेटकार्डाचा फोटो नऊशे नंबरांना एकदम धाडला. त्यातल्या काही जणांनी तक्रारीचं बटण दाबलं असणार. दुपारी खातं ब्लॉक. दिवाळी अठरा दिवसांवर!

आता मी काय करते ते सांगते. मी एका कंपनीच्या डिजिटल मार्केटिंग विभागात आहे. ‘कस्टमर जर्नी’, ‘एंगेजमेंट’ वगैरे शब्द मी दिवसातून वीस वेळा तरी वापरते. त्यामुळे फोन ठेवताना मी अगदी हिरोच्या थाटात म्हटलं, ‘‘मावशी, टेन्शन नको घेऊस. ई-मेल मार्केटिंग करू आपण. माझ्या डाव्या हातचा मळ आहे.’’

मावशीकडे एक लांबलचक वही आहे. तीत परदेशी पार्सल पाठवणाऱ्यांचे आणि बिल मागणाऱ्या ऑफिसवाल्यांचे ई-मेल पत्ते होते. मोजले तर २१२. शनिवारी रात्री बसून मी ते टाइप केले, एक झकास डिझाइन केलं. सोनेरी पणत्या, आतषबाजी, वर ‘डियर व्हॅल्यूड कस्टमर’ आणि खाली ‘फेस्टिव्ह एक्स्ट्राव्हॅगंझा’. अख्खा मेल म्हणजे एक मोठ्ठं चित्र! मग रात्री पाऊणच्या सुमारास, डोळे मिटत असताना, ते २१२ पत्ते मी बीसीसीच्या चौकटीत टाकायचे ते सीसीच्या चौकटीत टाकले आणि सेंड केलं.

ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बीसीसीत पत्ते टाकले की प्रत्येकाला वाटतं मेल फक्त आपल्यालाच आलाय. सीसीत टाकले की २१२ जणांना २१२ पत्ते दिसतात.

रविवारची सकाळ मी आयुष्यात विसरणार नाही. एकाने सगळ्यांना लिहिलं, ‘प्लीज रिमूव्ह मी.’ दुसऱ्याने सगळ्यांना लिहिलं, ‘कृपया रिप्लाय ऑल करू नका.’ नाशिकच्या एका शाळेतल्या दोन वर्गमित्रांची त्या यादीत तीस वर्षांनी गाठ पडली आणि त्यांनी आपल्या गप्पा सगळ्यांसमोर चालू ठेवल्या. एरंडवण्यातल्या एका निवृत्त काकांचा मेल आला: ‘माझा पत्ता चिवड्याच्या बिलासाठी दिला होता. गावभर वाटण्यासाठी नव्हे.’

इथपर्यंत हसता तरी येत होतं. दुपारी एका बाईंचा मावशीला फोन आला. घरच्या एका जुन्या भांडणानंतर त्यांनी ई-मेल पत्ता बदलला होता. ज्या माणसाला तो कळू नये म्हणून बदलला, तोही मावशीचंच गिऱ्हाईक. त्याच यादीत. त्या रागावल्या नाहीत. ‘‘आता परत बदलेन, दुसरं काय,’’ एवढंच म्हणाल्या. मावशीने फोन ठेवला, खुर्चीत बसली आणि बराच वेळ माझ्याशी बोललीच नाही.

संध्याकाळी ती म्हणाली, ‘‘आता मी सांगते तसं लिही. चित्रबित्र काही नको.’’ मी लिहून घेतलं:

‘नमस्कार. काल आमच्याकडून तुम्हाला गेलेल्या मेलमध्ये सर्वांचे पत्ते सर्वांना दिसले. चूक आमची आहे. तुमचा पत्ता इतरांना कळला याबद्दल माफी मागते. तो मेल कृपया पुसून टाका. यापुढे तुम्ही हो म्हणालात तरच माझा मेल येईल. फोनवरचं खातं बंद असल्यामुळे ऑर्डर या नंबरवर फोन करून द्या. चकली रविवारपासून तयार आहे.’

खाली नंबर आणि तिचं नाव. बस्स. या वेळी एकेकाला वेगळा पाठवला. दोन दिवसांत साठ-पासष्ट उत्तरं आली आणि त्यातल्या निम्म्यांहून जास्त ऑर्डरी होत्या. माझ्या सोनेरी पणत्यांना एकही ऑर्डर आली नव्हती. मी ऑफिसात असा रिस्पॉन्स पाहिला असता तर प्रेझेंटेशनमध्ये तीन स्लाइड्स केल्या असत्या. त्या रात्री मात्र फार शहाणपणा सुचत नव्हता.

ती दिवाळी कशीबशी पार पडली. खातं आठवडाभराने परत मिळालं. पण मावशीने ठरवून टाकलं होतं: आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या जागेत भाड्याने ठेवायची नाहीत. ॲपवर दुकान असू दे, पण यादी आपल्या वहीत हवी. ई-मेलची हीच तर खासियत आहे. उद्या तुम्ही मेल पाठवणारी सेवा बदललीत तरी पत्ते तुमच्याबरोबर येतात.

‘हो’ कोण म्हणालं?

जाहिरातीच्या मेलचा इतिहास तसा जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या मार्केटिंगवाल्याने आर्पानेटवरच्या सुमारे चारशे लोकांना कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात पाठवली. कोणी मागितली नव्हती. लोक खवळले. आज त्याला जगातला पहिला स्पॅम मेल म्हणतात. म्हणजे माझं पाप ४६ वर्षं जुनं होतं, फरक इतकाच की त्याचे पत्ते चारशे आणि माझे २१२!

१९९९ मध्ये सेठ गोडिन या लेखकाने ‘परमिशन मार्केटिंग’ नावाचं पुस्तक लिहिलं. आधी परवानगी घ्या, मग बोला, असा त्याचा फंडा. कॉलेजात मी त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय. पण त्याचा अर्थ मला कळला तो त्या काकांच्या एका वाक्यातून. त्यांनी पत्ता दिला होता, पण बिलासाठी. पत्ता देणं आणि परवानगी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता तर कायदाही तेच म्हणतो. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, संमती स्पष्ट हवी आणि ती मागेही घेता आली पाहिजे, असा त्याचा गाभा आहे. मावशीची गिऱ्हाइकं टोरांटोला आणि म्युनिकलाही आहेत. कॅनडाचा स्पॅमविरोधी कायदा २०१४ पासून लागू आहे आणि युरोपचा जीडीपीआर २०१८ पासून.

म्हणून डिसेंबरात आम्ही सगळ्या २१२ जणांना (एकेकाला!) एकच प्रश्न विचारला: महिन्यातून एखादा मेल पाठवू का? ‘हो’वर टिचकी मारलीत तरच पाठवू. ८७ जण हो म्हणाले. बाकीचे १२५ पत्ते मावशीने मेलच्या यादीतून काढून टाकायला लावले. माझा जीव कळवळला. ऑफिसात कोणी यादीतून निम्म्याहून जास्त नावं उडवली तर त्याला एचआरचं बोलावणं येईल! मावशीचं म्हणणं, ‘‘लग्नाला हजार पत्रिका वाटून शंभर पानं उठण्यापेक्षा शंभर पत्रिका वाटाव्यात.’’

नवी नावं गाळ्यावर मिळाली. काउंटरवर एक छोटी वही ठेवली. तीन रकाने: नाव, ई-मेल, ‘नव्या पदार्थांचा मेल हवा का?’ पहिल्या महिन्यात लक्षात आलं की लोकांचं अक्षर आपल्या डॉक्टरांच्या तोडीचं असतं. मग एक छोटा फॉर्म केला आणि त्याचा क्यूआर कोड चिकटवला. फॉर्म भरला की एक मेल जातो, ‘तुम्हीच ना?’ असा. त्यावर हो म्हटलं की नाव पक्कं. यामुळे चुकीचे पत्ते गळतात आणि कोणी दुसऱ्याचं नाव घुसडू शकत नाही. पाडव्यापर्यंत यादी १४० वर गेली. हळू आहे, मान्य. पण पत्त्यांच्या तयार याद्या विकत मिळतात, त्यांच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. त्यातल्या एकानेही तुमचं नाव ऐकलेलं नसतं. मावशीसारख्या धंद्यात नावच तर विकायचं असतं.

लाखेचं सील

आता थोडं कंटाळवाणं, पण न करून चालणार नाही असं. माझा आतेभाऊ आयटीत आहे. त्याने हे एका रविवारी मिसळीच्या बदल्यात करून दिलं.

आधी दुकानाच्या नावाचं डोमेन घेतलं, वर्षाकाठी हजार-बाराशेच्या आत-बाहेर. का, तर साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० पेक्षा जास्त मेल पाठवता येत नाहीत हे एक. आणि दुसरं म्हणजे, फुकटचा जीमेल पत्ता वापरून भलत्याच सेवेमार्फत घाऊक मेल पाठवला तर तो बहुतेक वेळा स्पॅममध्येच जातो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलच्या गिऱ्हाइकांना दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तीन गोष्टी सक्तीच्या झाल्या: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. शिवाय एका टिचकीत यादीतून बाहेर पडायची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात.

मावशी कुठली पाच हजार पाठवतेय! पण लहान दुकानानेही यातलं जमेल ते करावं. मावशीला मी असं समजावलं. एसपीएफ म्हणजे दुकानाच्या नावाने टपाल कोण नेऊ शकतो त्या पोऱ्यांची यादी. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरचं लाखेचं सील, वाटेत कोणी फोडलं तर कळतं. आणि डीमार्क म्हणजे पोस्टमनला दिलेली सूचना की यादीत नसलेल्या पोऱ्याने, सील नसलेलं पाकीट आणलं तर ते आत घ्यायचं, बाजूला ठेवायचं की परत पाठवायचं. मावशी म्हणाली, ‘‘म्हणजे भेसळवाल्यांनी माझं नाव वापरू नये म्हणून.’’ अगदी बरोबर!

चित्रांचा मोह आवरा. माझा पणत्यांचा मेल बऱ्याच जणांकडे नुसती रिकामी चौकट बनून गेला होता, कारण त्यांच्याकडे चित्रं आपोआप उघडत नव्हती. शिवाय मेलचा मजकूर १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो मधेच कापतो आणि नेमकं ऑर्डरचं बटण तळाशी अदृश्य होतं. एक फोटो पुरे. तोही फोनवर काढलेला, आजच्या घाण्याचा.

दुपारी १ ते ४

खरी मजा पुढे आहे. मेल लिहायचा कसा?

आमच्या कंपनीत विषयाच्या एका ओळीवर दोन तास मीटिंग चालते. ‘तुमच्यासाठी खास!!!’, ‘लास्ट चान्स’, ‘काहीतरी गोड येतंय...’ असले पर्याय फळ्यावर लिहिले जातात. मीही मावशीला असे पाच-सहा दिले. तिने चष्मा वर करून वाचले आणि म्हणाली, ‘‘यातून कळतंय का काही? पाटी कशी असते? दुपारी १ ते ४ दुकान बंद. विषय संपला.’’

आणि मला एकदम साक्षात्कार झाला. पुणेरी पाटीची जग टिंगल करतं. पण विचार करा, दोन ओळींत, हातातल्या जागेत, लावणाऱ्याचा स्वभाव उतरलेला आणि काय करायचं, काय नाही ते लख्ख. मोबाइलवर मेलच्या विषयाची जेमतेम तीस-चाळीस अक्षरं दिसतात. तिथे पाटीच लावायला हवी! तेव्हापासून मावशीच्या मेलचे विषय असे असतात:

‘अनारशाचं पीठ घातलं आहे’

‘भाजणी संपली. पुढची गुरुवारी’

‘या वेळी लाडू थोडे मऊ झालेत’

तिसरा विषय वाचून मी उडालेच होते. पण मावशीचं म्हणणं, झालेत तर झालेत, न सांगता दिले तर पुढच्या वेळी येणार नाहीत. दर किलोमागे वीस रुपये कमी लावले आणि ते लाडू दोन दिवसांत खपले. बऱ्याच आजी-आजोबांनी तर ‘असेच करा, दाताला बरे’ म्हणून कळवलं. आता दर महिन्याला मऊ लाडवांचा एक वेगळा घाणा असतो.

अनारशाच्या मेलचं वेगळंच गंमतशीर झालं. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग ते सावलीत वाळवून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवत ठेवायचं. म्हणजे ऑर्डर आल्यावर सुरुवात केली तर गिऱ्हाईक पळालं. आणि आधीच करून ठेवलं तर किती करायचं ते कळत नाही. मावशीने मेलमध्ये ही सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी लिहिलं की दहा किलो पीठ घातलं आहे, तेवढंच होईल, हवं असेल त्यांनी शनिवारपर्यंत आकडा सांगा. शुक्रवारी पीठ संपलं. खोटा ‘लास्ट चान्स’ आणि खरंखुरं दहा किलो पीठ, यातला फरक वाचणाऱ्याला कसा कळतो कोण जाणे, पण कळतो.

एका मेलमध्ये एकच गोष्ट हा नियमही तिचाच. सोळा पदार्थांचं रेटकार्ड लावलं तर माणूस ‘नंतर बघू’ म्हणतो, आणि तो ‘नंतर’ कधी येत नाही. विषयाच्या पुढे करड्या अक्षरांत जी अर्धी ओळ दिसते तीही फुकट घालवायची नाही. तिथे आम्ही भाव लिहितो. मेल मराठीत, देवनागरीत. परदेशातल्या पोरांसाठी तळाशी इंग्रजीत दोन ओळी. पाठवणाऱ्याच्या जागी दुकानाचं नाव नाही तर मावशीचं नाव. उत्तर दिलं की ते थेट तिलाच पोचतं. ‘या मेलला उत्तर देऊ नका’ ही ओळ लिहिणाऱ्यांना दुकान चालवायचंय की बंद करायचंय, हे मला आजवर कळलेलं नाही. (आमच्या कंपनीच्या मेलमध्ये ती ओळ आहे. मीच टाकली आहे.)

वेळ? पुण्यातल्यांना दुपारी साडेतीनला, ऑफिसात चहाची तल्लफ आणि पोटात कावळे असतात तेव्हा. अमेरिकेतल्यांना आपल्याकडच्या रात्री साडेनऊला. उन्हाळ्याच्या वेळापत्रकात तेव्हा न्यू जर्सीत दुपारचे बारा वाजलेले असतात आणि कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ. त्यासाठी यादीचे दोन भाग केले. पुण्यातल्यांना पार्सलचे दर कशाला आणि सॅन होजेवाल्यांना ‘आज गरम साटोऱ्या आहेत’ सांगून छळायचं कशाला!

बाहेर पडायच्या लिंकवरून मात्र मावशीशी खरं भांडण झालं. पहिल्यांदा कोणीतरी यादीतून नाव काढलं तेव्हा ती दिवसभर अस्वस्थ होती. ‘‘माझं काय चुकलं असेल?’’ त्यातून ते नाव निघालं समोरच्याच बिल्डिंगमधल्या बाईंचं! मी म्हटलं, अगं, त्या रोज दुकानात येतात, त्यांना मेल कशाला हवा? आणि लिंक लपवून ठेवली तर माणूस स्पॅमचं बटण दाबतो, ते जास्त महागात पडतं. तिला ते पटायला महिना लागला. आता प्रत्येक मेलच्या खाली ओळ असते: ‘मेल नको असल्यास इथे टिचकी मारा. राग नाही. दुकानात येत राहा.’

आणि किती जणांनी मेल उघडला, हा आकडा मी मावशीला सांगतच नाही. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये खासगीपणाची अशी सोय आली की माणसाने मेल उघडला नाही तरी तो उघडल्यासारखा दिसू शकतो. आमच्या ऑफिसात अजून त्या आकड्यावर टाळ्या पडतात. मावशी दोनच गोष्टी मोजते, उत्तरं किती आली आणि डबे किती गेले.

अमेरिकेला यंदा फराळ महाग पडेल

२०२५ च्या ऑगस्टमध्ये या सगळ्याची परीक्षा झाली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरची आयात शुल्काची सूट २९ ऑगस्टपासून काढून टाकली. आपल्या टपाल खात्याने त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं तात्पुरतं थांबवलं. ती सेवा परत सुरू झाली १५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला. मावशी कुरिअरने पाठवते. कुरिअरवाल्याने नवे दर सांगितले, पण तिकडे नक्की किती शुल्क लागेल ते सांगेना.

गणपती बसले त्या आठवड्यात आम्ही रात्री मेल लिहायला बसलो. मी सुचवलं, ‘‘थोडं थांबू. ऑर्डरी येऊ देत, मग एकेकाला दर सांगू.’’ मार्केटिंगवाली ना मी! मावशीने विषय सांगितला: ‘अमेरिकेला यंदा फराळ महाग पडेल’.

‘‘मावशी, विषयातच महाग? मेल कोण उघडेल?’’

‘‘ज्याला परवडेल तो. बाकीच्यांचे कशाला कष्ट?’’

मेलमध्ये तिने जुना दर लिहिला, नवा दर लिहिला, आणि पुढे लिहिलं: ‘तिकडे शुल्क किती लागेल ते मला आज माहीत नाही आणि कुरिअरवालाही नक्की सांगत नाही. तरीही हवं असल्यास १५ सप्टेंबरपर्यंत कळवा. नको असल्यास संकोच करू नका. तुमचे आई-वडील पुण्यात असतील तर त्यांच्याकडे डबा मी पोचवेन. पोचवण्याचे पैसे नाहीत.’

अमेरिकेच्या यादीत ४१ नावं होती. त्यातल्या ३३ जणांनी उत्तर दिलं. चौदा जण म्हणाले, लागू देत काय लागायचं ते, पाठवा. बारा जणांनी पुण्यातल्या आई-बाबांसाठी डबे सांगितले. सात जणांनी ‘यंदा नको’ म्हणून कळवलं, तेही दोन-दोन परिच्छेद लिहून. मावशीच्या दृष्टीने ती सात नकारांची पत्रं सगळ्यात कामाची ठरली. कारण १५ सप्टेंबरला, डाळ, तूप, खोबरं भरायच्या आधी, तिला आकडा कळला होता. तिने तुपाचे डबे नेहमीपेक्षा कमी घेतले. ओळखीच्या एका फराळवाल्यांनी नेहमीइतकाच माल भरला होता आणि दिवाळीनंतर ते शंकरपाळे निम्म्या भावात काढत होते.

तोटा झाला नाही, पण कमाई २०२४ पेक्षा कमीच. चौघींचा बोनस झाला. त्यातला थोडा मावशीने स्वतःच्या खिशातून घातला, हे मला त्यांच्यातल्या एकीकडून कळलं.

आता कोणी म्हणेल, मग आमच्याही दुकानाला हे करावं का? कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीला ई-मेलची काडीची गरज नाही, तिचा वासच तिची जाहिरात आहे. पण घरगुती केक, सायकल दुरुस्ती, पुस्तकांचं दुकान, योगाचे क्लास, चष्म्याचं दुकान... जिथे गिऱ्हाईक महिन्या-दोन महिन्यांनी परत येतं आणि जिथे सांगण्यासारखं काहीतरी खरंच घडत असतं, तिथे करून बघा. माझी एक मैत्रीण सायकलवाल्याला मदत करते. तो पावसाळ्याआधी एक मेल पाठवतो, चेनला तेल कसं द्यायचं एवढंच सांगणारा. विकत काहीच नाही. जूनमध्ये त्याच्याकडे रांग असते. लिहिण्यासारखं काही नसेल त्या महिन्यात मात्र लिहू नका. मावशी पितृपंधरवड्यात मेल पाठवत नाही, आणि त्याबद्दल आजवर कोणीही तक्रार केलेली नाही.

एरंडवण्याचे ते काका? डिसेंबरात ‘हो’ म्हणणाऱ्या ८७ जणांत ते होते. दर मेलला त्यांचं उत्तर येतं. आधी ऑर्डर, अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाणे जास्त. खाली शुद्धलेखन. मागच्या वेळी ‘खुसखुशीत’मधला ‘शी’ मी ऱ्हस्व लिहिला होता, तो त्यांनी दीर्घ करून पाठवला. आता मेल जायच्या आदल्या दिवशी मावशी मला विचारते, ‘‘नीट तपासलंस ना? नाहीतर ते चिवडा घेतील, पण बोलल्याशिवाय राहायचे नाहीत.’’